तीन हॉर्न

बाबांचं दफन होऊन नऊ दिवस झाले होते. टेक्सासच्या आमच्या भागात दोन वर्षं पाऊस नव्हता आणि आईला एकटीला गुरं झेपणार नव्हती, म्हणून आम्ही ती विकली. न्यायला आलेले ट्रक सकाळपासून उभे होते, पण गायी दूर टेकाडाखालून हलायला तयार नव्हत्या.

शेजारचे एलॉय घोड्यावरून घामाघूम होऊन परतले.

"माझी बायको तरी वर्षातून एकदा ऐकते. ह्या तेवढंही नाही. पोरी, तुझ्या बापाची गाडी काढ."

बाबा रोज पिकअपमधून गायींना सरकीची पेंड न्यायचे आणि पोहोचले की तीनदा लांब हॉर्न वाजवायचे. मी गाडी ट्रकांजवळच्या गुरांच्या कुंपणात नेऊन उभी केली. मागे पेंड नव्हती.

"ही फसवणूक झाली," मी म्हटलं.

"झाली खरी," एलॉय म्हणाले. "दुसरा उपाय असेल तर सांग."

मी तीनदा हॉर्न वाजवला. धुरळा उडवत, वासरांना घेऊन सगळ्या गायी पळत आल्या आणि गाडीभोवती उभ्या राहिल्या. एलॉयनी फाटक लावून घेतलं.

मी उतरले, तर घराकडून आई धावत येत होती. हात पिठाचे, पाय अनवाणी. फाटकाशी येऊन ती थांबली.

"आई, मी वाजवला गं."

"माहीत आहे," ती धापा टाकत म्हणाली. "तू गाडीत बसलीस, तेव्हा मी खिडकीतच होते."