गुडघा म्हणजे इस्पिक

"गुडघा लई दुखायलाय," अप्पा म्हणाले आणि त्यांनी इस्पिकचा एक्का टाकला.

"तेल कोमट करून लावा की," समोरून अव्वा म्हणाली आणि एक्क्यावर तिनं आपली दश्शी सोडली.

तनुजा परत हरली.

लग्न होऊन नांदेडहून उदगीरला येऊन तिला महिना झाला होता. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. मेंढीकोट मात्र इथंच शिकली. चार दश्श्या, जास्त ज्या जोडीकडे ती जिंकली, इतकं सोपं. संध्याकाळचा डाव चुकवायचा नाही, हा तिच्या नवऱ्याचा, सिद्धरामचा नियम. सासू-सासरे, म्हणजे अव्वा-अप्पा, एका बाजूला, ही दोघं दुसऱ्या. महिन्यात एकदाही तनुजा-सिद्धरामची सरशी झाली नव्हती.

"ते खुणा करतात," ती सिद्धरामला म्हणाली.

"खेळ हाय नुसता. सोड ना."

सोडणं तिला जमत नव्हतं. तिनं वही केली. डावीकडे बोललेलं वाक्य, उजवीकडे पडलेलं पान. गोळ्या, भाडेकरू, ज्वारीचं दळण, भाचीचं बाळंतपण. पत्ते हातात आले की दोघं बोलतच सुटायची. गुडघा अकरा वेळा निघाला, त्यात आठदा इस्पिक पडलं. योगायोग एवढा नसतो.

जेवतानाही तिनं लक्ष ठेवलं, पण तिथं काही सापडेना. अप्पांचं ताट बाहेरच्या खोलीत जायचं. "अप्पांना इचार, भाकर वाढू का," अव्वा चुलीपाशी बसून तनुजालाच सांगायची. जुनी माणसं, तनुजाला वाटलं.

गुरुवारी अप्पा एकटेच लातूरला जाऊन छातीची तपासणी करून आले. संध्याकाळी पत्ते वाटायच्या आधीच तनुजा म्हणाली, "आज मुक्यानं खेळायचं. जो बोलेल तो हरला."

सिद्धराम चपापला. "कशाला उगं?"

"प्रयोग."

"पोरगी म्हणती तर खेळू," अप्पा म्हणाले.

तेरा हात शांततेत झाले. अव्वानं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिची नजर पानांवर कमी, अप्पांवर जास्त होती. तरी चारही दश्श्या त्यांच्याकडेच गेल्या. कोट.

तनुजानं वहीतल्या तक्त्यावर आडवी रेघ मारली. बोलण्याचा जिंकण्याशी संबंधच नव्हता. मग इतकं बोलायचं कशाला?

अप्पा उठून बाहेर गेले, सिद्धराम त्यांच्यामागं. अव्वा पत्ते गोळा करत बसली.

"तनुजा," ती हळूच म्हणाली, "उद्यापासून आम्ही हरत जाऊ. रोज हरू. पण बोलू दे बाई."

"का, अव्वा?"

"डाक्टर काय म्हणला, इचारायचं ऱ्हायलं. आता उद्या पत्ते वाटंपर्यंत थांबायचं." तिनं गड्डी सारखी करून फडक्यात बांधली. "नऊ वर्सं झाली, पत्ते हातात नसले तर ते माझ्याशी बोलत न्हाईत."