मिशीवाल्याचा गुडघा

आजोबांनी स्टुलावर बसून पँटच्या बाजूची बटणं काढली, पट्टे सैल केले आणि स्वतःचा डावा पाय उचलून बाईंच्या टेबलावर ठेवला.

"यातला गुडघा काढा," ते म्हणाले, "आणि माझ्या नातवाच्या पायाला बसवा."

पाय बनवायच्या या सरकारी कारखान्यात बाईंचे केस पांढरे झाले होते. असं काही कुणी मागितलं की त्या सरळ हात जोडत. आज त्यांनी पाय जवळ ओढला आणि सवयीनं गुडघा वाकवून पाहिला. तो करकरला.

"मिशीवाला," कोपऱ्यात यंत्रावर पट्टे शिवत बसलेल्या काकांनी मान वर न करता सांगितलं.

कारखान्यात पाय असेच ओळखले जात. ज्याच्या राज्यात लढाई झाली, त्याचं टोपणनाव पायाला. मिशीवाल्याच्या वेळचे गुडघे पोलादी होते, माणूस झिजला तरी ते झिजत नसत. खोड एकच, करकरायचे. तेल घातलं की चार दिवस गप्प, मग पुन्हा सुरू. चष्मेवाल्याची लढाई झाली तोवर तिजोरीत खडखडाट होता, त्यामुळे त्याच्या पायांना वर्षभरात भेगा पडत. साखरेवर त्यानं बसवलेला युद्धकर तेवढा अजून ठणठणीत होता. आणि आता खुर्चीवर हसरा होता. हसऱ्याच्या लढाईला पायच नव्हते. गुडघे ओतणाऱ्या भट्टीत तोफगोळ्यांची टोपणं ओतली जात होती. मांडी बसवायच्या वाट्या तेवढ्या तयार होऊन, नावाच्या चिठ्ठ्या लावून फळीवर पडून होत्या. त्यांत एक नातवाची होती.

"आजोबा, नवे गुडघे यायचेत म्हणतात."

"कोण म्हणतं?"

काकांनी दातानं दोरा तोडला. "हसरा म्हणतो. रेडिओवर."

तिघंही हसले. ते हसू काही फार टिकलं नाही.

"नातवाला मुलगी झालीय," आजोबा म्हणाले. "आता मान धरायला लागली. याच्या दोन्ही काखांत कुबड्या, पोरीला उचलणार कसा? ती रडली की हा भिंतीकडे तोंड करून पडतो. परवा बायकोला म्हणाला, तिला माझ्यासमोर आणूच नकोस."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी बसल्या जागी पणतीला मांडीवर घेईन. तेवढीशी तर आहे. दीड मांडी पुरते तिला."

परत जायला लागतील म्हणून येतानाच ते नातवाच्या कुबड्या बगलेत मारून आले होते. बाईंनी त्या पाहिल्या आणि त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं.

"एकाला उभं करायला दुसऱ्याला बसवायचं," त्या म्हणाल्या, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि उतरवलेला गुडघा दुसऱ्याला द्यायचा नियमही नाही."

"नियम काय सांगता, बाई!" आजोबांचा आवाज चढला नव्हता. "मिशीवाल्यानं मागितलं, तेव्हा घरातलीनं हातातल्या बांगड्या काढून दिल्या आणि मी पाय दिला. चष्मेवाल्यानं मुलगा नेला. तो परत आलाच नाही, त्याला तुमच्याकडे आणायची वेळच आली नाही. मग हसऱ्यानं नातू नेला, तो असा परत दिला. आम्हाला कधी कुणी विचारलं? जन्मात पहिल्यांदा मी आपल्या मर्जीनं काहीतरी देतोय, तर तुम्ही नको म्हणता."

शिलाईचं यंत्र थांबलं. बाईंनी खण उघडून पाना काढला.

बोल्ट जाम झाले होते. काकांनी उठून पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला, तेव्हा कुठे ते हलले. बाईंनी फळीवरून नातवाची वाटी उतरवली, गुडघा तिला बसवला, खाली आजोबांच्या पायाची नळी जोडून पाहिली. ती कापावी लागली नाही. नातू उंचीनं आजोबांवर गेला होता.

टेबलाच्या कडेला आजोबांची रिकामी वाटी राहिली. तिच्या आतलं कातडं घासून घासून काळं पडलं होतं.

"ही ठेवू का?" बाईंनी विचारलं.

"ठेवा. गुडघे आले तर कळवा."

हे ते चेष्टेनं म्हणाले की मनापासून, बाईंना समजलं नाही. काकांनी तेवढ्यात दोन पट्टे जोडून ओझं पाठीला बांधायची सोय केली. आजोबा एका पायावर उभे राहिले, कुबड्या काखेत घेतल्या. काका नवा पाय त्यांच्या पाठीवर चढवणार, इतक्यात ते थांबले.

"याला तेल घाला, बाई. चांगलं भरपूर घाला."

"घालते की."

"मी गल्लीच्या तोंडाशी असलो तरी आमच्या हिला आत ऐकू येतो तो आवाज. भाजी चिरता चिरता उठून दार उघडते. जन्म गेला तिचा त्यात. आता तोच आवाज नातवाच्या पायातून यायला लागला तर माझ्यासाठी म्हणून ती उठेल, आणि दारात तो असेल."

बाईंनी तेलाची बुधली घेतली. दोन्ही बाजूंनी तेल सोडलं, ओघळ फडक्यानं पुसला, आणखी थोडं सोडलं. गुडघा वाकवला, सरळ केला. आवाज आला नाही. पुन्हा वाकवला. नाहीच आला.

खरं काय ते सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"माहीत आहे मला," पाठ काकांकडे वळवत आजोबा म्हणाले. "चार दिवस. तेवढे तरी तिला मिळू देत."