खाली ठेवलेली पुस्तकं

मुलीने दुसरं पुस्तकही खाली ठेवलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"दोन पानं झाली, आणि मुलगा अजून अंथरुणातच लोळतोय," मुलगी म्हणाली. ती उठून खिडकीपाशी गेली. खिडकीतून पाहण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीचा जिना आणि त्याच्या कठड्यावर वाळत टाकलेली एक चादर. तिने ती मन लावून पाहिली.

पहिल्या पुस्तकाची तऱ्हा त्याहून वाईट झाली होती. "पहिल्याच पानावर सगळे नातेवाईक येऊन बसलेत," एवढं म्हणून तिने ते मिटलं होतं.

टेबलापलीकडे ताई शांतपणे चहा पीत होत्या. ही खोली त्यांची, आणि मुलगी दर शनिवारी इथे त्यांच्याकडे येई.

"तिला डिस्लेक्सिया आहे, एडीएचडीही आहे, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. "अक्षरं जागेवर सापडत नाहीत आणि लक्ष एका ठिकाणी टिकत नाही. पण डोकं तल्लख आहे. गोष्टीने धरून ठेवलं तर ती सोडत नाही."

"हो, हो, कल्पना आहे मला."

कल्पना असायला हवी होती खरी. सरांची सगळी हयात शाळेत भाषा शिकवण्यात गेली होती. मुलांना वाचायला कसं बसवायचं हे आपल्याला चांगलं कळतं, असा त्यांचा समज होता, आणि निवृत्त झाल्यावरही तो त्यांनी जपला होता. पण या खोलीत नियम ताईंचे. मुलीला आग्रह करायचा नाही, समजावून सांगायचं नाही, आणि तिने खाली ठेवलेलं पुस्तक पुन्हा तिच्या हातात द्यायचं नाही. मागच्या खेपेला सर न राहवून "जरा पुढे वाच, बाळ, पुढे गंमत आहे" असं म्हणाले, तर ताईंनी त्यांना सरळ बाहेर बसवलं होतं. त्या दिवशी ते हात हलवत घरी गेले.

आज तयारी जय्यत होती. पुस्तकांचे प्रिंट त्यांनी स्वतः काढले होते, स्पायरलही स्वतः उभं राहून लावून घेतलं होतं. ठसठशीत अक्षर, ओळींमध्ये ऐसपैस जागा, छोटी प्रकरणं. चित्रं भाच्याच्या मागे लागून काढून घेतलेली. निघताना बायकोने बजावलं होतं, "आता हे शेवटचं हं. आणि त्या पोरीवर चिडू नका." सर चिडणार नव्हते. तिने एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. वर्षभर त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तिसरं पुस्तक तिने उभ्याउभ्याच चाळलं.

"हे छोट्यांचं आहे. मी पंधरा वर्षांची आहे."

"पण अक्षर मोठं हवं ना तुला?"

"अक्षर मोठं हवं, सर. गोष्ट मोठ्यांची चालेल."

सरांनी मान डोलावली. शाळेत त्यांना असं कुणी बोललं असतं तर अख्खा वर्ग चिडीचूप झाला असता.

उरलं एक. त्यात एक मुलगा पहिल्याच ओळीत मुख्याध्यापकांना चुकून प्रयोगशाळेत कोंडतो आणि किल्ली हरवून बसतो. मुलीने ओळीखाली बोट धरलं आणि अडखळत सुरुवात केली. पाय सारखा हलत होता. मग ती जमिनीवर बसली, मग पालथी पडली. एका पानावर ती फिसकन हसली. सर खुर्चीच्या कडेवर आले.

मध्येच ती उठली. संपलं सगळं, सरांना वाटलं. पण खिडकीकडे जाताना पुस्तक तिच्या हातातच होतं.

चहा कधीच गार झाला होता. शेवटचं पान उलटून तिने पुस्तक मिटलं, तेव्हा सरांचे डोळे भरून आले. एवढी मुलं हाताखालून गेली, पण कुणी पुस्तक वाचून संपवल्याचा इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

"मग?" ताईंनी विचारलं.

"शेवटी तो मुलगा एकदम शहाणा होतो आणि सगळ्यांची माफी मागत फिरतो. ते काही पटत नाही. बाकी मस्त आहे."

सर बोलायला गेले, पण नियम आठवून त्यांनी गार चहाचा घोट घेतला.

"म्हणजे छापायचं की नाही?" ताईंनी मुलीला विचारलं.

मुलीने जरा विचार केला. "छापू या, ताई," ती म्हणाली. "पण शेवट सरांना पुन्हा लिहून आणायला सांग."