तुलनेची शाळा

“खरं सांगा बाई, या दीड वर्षात तुम्ही तुमच्या शाळेत काय केलंत?” संयोजक सरांनी विचारलं.

“काहीच नाही,” बाई म्हणाल्या. “तसंच ठरलं होतं ना?”

ठरलं तसंच होतं. सरकारी अनुदान न घेणाऱ्या पाच शाळांनी मिळून एक संशोधन हाती घेतलं होतं. मुलं शाळेत एकटी पडतात. प्रत्येक लहान मुलाला वरच्या वर्गातला एक सोबती नेमून दिला, तर हे एकटेपण कमी होतं का, एवढं शोधायचं होतं. एका विश्वस्त निधीने पैसे दिले. चार शाळांत सोबती नेमायचे आणि पाचव्या शाळेत काहीच करायचं नाही, फक्त मोजायचं. ती तुलनेची शाळा. तिला निधीतून दमडी नाही, आणि बैठकांना बोलावणंही नाही. इतरांचं ऐकून तिथेही नकळत तसंच सुरू व्हायला नको, म्हणून.

तुलनेची शाळा कोण होणार, असा प्रश्न आला तेव्हा चार मुख्याध्यापक छताकडे बघत बसले होते. बाईंनी हात वर केला. त्यांची शाळा सगळ्यांत लहान, बेचाळीस मुलांची. दोन शिक्षिका होत्या, त्या शेवटची घंटा झाली की चपला पायात सरकवत पळायच्या. घराला कुलूप लावणाऱ्या बाईच आणि उघडणाऱ्याही बाईच. पाच शाळांचं काम आहे, चार माणसं भेटतील, दोन शब्द बोलतील, एवढीच त्यांची हौस होती. आणि पदरात पडलं ते नेमकं कुणाला न भेटण्याचं काम! स्वतःशी हसूनही झालं त्यांचं, पण ते हसू फार दिवस पुरलं नाही. दीड वर्षात एक फोन आला नाही.

आज पहिल्यांदा बोलावणं आलं होतं. इस्त्रीचे कपडे घालून बाई अर्धा तास आधीच येऊन बसल्या होत्या. आणि बैठक सुरू होते न होते तोच ही उलटतपासणी.

सरांनी समोरचा तक्ता त्यांच्याकडे सरकवला. चार शाळांत एकटेपण थोडंफार उतरलं होतं. बाईंच्या शाळेत ते निम्म्याहून खाली आलं होतं, एकही सोबती न नेमता.

“विश्वस्तांना वाटणार, तुम्ही गुपचूप काहीतरी उपक्रम राबवलात,” सर म्हणाले. “मग तुलना कसली आणि काय! पुढच्या टप्प्याचे पैसे गेले म्हणून समजा. पाचही शाळांचे.”

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. पाच शाळांचं काम आपल्यामुळे बुडणार!

“मी फक्त चिठ्ठ्या लिहून घेतल्या हो. नियमाप्रमाणे.”

“म्हणजे कुणी घेतल्या?” टेबलाच्या टोकाला बसलेल्या तरुण मुलीने विचारलं. चिठ्ठ्यांचा हिशोब तिच्याकडे असायचा, म्हणून सगळे तिला आकडेवाली म्हणत. “चार शाळांत त्यासाठी पगारी माणूस नेमला होता.”

“मला कुठला माणूस? मीच घेतल्या.”

नियम साधा होता. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला एकटं बसवायचं, प्रश्न वाचून दाखवायचा. उत्तर मुलाने स्वतः लिहायचं आणि घडी करून कुलूपबंद पेटीत टाकायचं. शाळेतल्या मोठ्यांनी ते बघायचं नाही. पेटीची किल्ली आकडेवालीकडे. पगारी माणूस हे काम दोन दिवसांत उरकायचा. बाई मधल्या सुट्टीत, खडू आणि नकाशे ठेवायच्या खोलीत, रोज दोन मुलांना बोलवायच्या.

“चिठ्ठी टाकली की मुलं जायची?” आकडेवालीने विचारलं.

बाई ओशाळल्या. “लगेच कुठली जातात? बसून राहायची. दात पडला ते सांगायची. घरातलं भांडण सांगायची. एक जण तर नुसताच बसायचा, तीन महिने. मग एकदा बोलायला लागला तो थांबेचना. मी ऐकायचे. मला तरी दुसरं काय काम होतं?” त्या थांबल्या. “हे नियमात बसत नसेल, तर चूक माझी आहे. बाकीच्या शाळांचे पैसे अडवू नका.”

आकडेवालीने पिशवीतून बाईंच्या शाळेतल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. प्रश्न सगळ्यांवर एकच होता: ‘या महिन्यात शाळेत तुझ्याशी मनापासून कोण बोललं?’ आतापर्यंत तिने चिठ्ठीत कुणाचं नाव आहे की नाही, एवढंच मोजलं होतं. आता ती एकेक घडी उलगडून वाचू लागली.

“बाई. बाई. मोठ्या बाई. बाई, खडूच्या खोलीत. बाई. बाई आणि माझी बहीण. बाई.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 

“विश्वस्तांना मी हेच वाचून दाखवतो,” ते म्हणाले. “पुढच्या टप्प्याचा अर्ज नव्याने लिहू. लिहायला तुम्ही बसा आमच्याबरोबर.”

बाईंनी मान हलवली. पण त्यांचं लक्ष गठ्ठ्याच्या तळाशी होतं. तिथे पिवळे कागद होते. मुख्याध्यापकांनीही दर महिन्याला तोच प्रश्न सोडवायचा, असा नियम होता. आकडेवालीने ते हळूच बाहेर काढले. शाळा चालू होती ते पंधरा महिने, पंधरा कागद, बाईंच्या वळणदार अक्षरात. प्रत्येकावर दोनच शब्द: ‘कोणी नाही.’

आकडेवालीने ते मोठ्याने वाचले नाहीत. बाईंनीच हात पुढे केला.

“ते जरा इकडे द्या बाळा,” त्या म्हणाल्या. “पंधराही उत्तरं चुकलीत माझी.”