मालगाडीवरचा गंज

त्याच्या तपासणीचा निकाल सांगणारा डॉक्टरांचा फोन यायचा होता. तोवर चित्त गुंतावे म्हणून तो आपल्या छोट्याशा खेळण्यातल्या मालगाडीच्या डब्यांवर, ते खऱ्यासारखे जुने दिसावेत म्हणून, तांबड्या खडूच्या पुडीने गंज चढवू लागला. पण धक्का लागून डबे सारखे डगमगत होते.

"अहो, गाडी रुळावरून उतरवाल!" पत्नी म्हणाली. "जरा पाय मोकळे करून या बघू."

तो परतला, तेव्हा सारे डबे लखलखत होते. महिनोन्महिने निगुतीने चढवलेली धूळ, काजळी, गंज, काहीच उरले नव्हते. त्याच्या या हौसेच्या मळाला तिने आजवर कधी फडके लावले नव्हते. संतापून त्याने तोंड उघडले. ती मात्र मान खाली घालून स्वच्छ झालेला डबाच पुन्हापुन्हा पुसत होती.

तो हळूच तिच्याजवळ बसला. "फोन येऊन गेला का गं?"