चिमणीकडे झुकलेली भिंत

सोलापूरच्या जुन्या गिरणीशेजारी केतकीने बी पेरून झाडासारखी वाढवलेली इमारत दोन मजले नकाशाप्रमाणे सरळ वाढली. तिसऱ्या मजल्यावर मात्र भिंत झुकून गिरणीच्या तडकलेल्या चिमणीला टेकली.

"ही छाटावीच लागेल," केतकी वैतागून म्हणाली.

गिरणीत चाळीस वर्षं माग चालवलेले नरसय्या चाचरत म्हणाले, "ताई, चिमणीवर रोज मीच पाणी मारलं. भिंत ओलीकडे वाढते, असं तुम्हीच म्हणाला होता. एकटी चिमणी पडली असती हो."

केतकीने चिमणीचा तडा मोजला. महिनाभरात तो केसभरही रुंदावला नव्हता. तिने तिसऱ्या मजल्याचा नकाशा पुसून टाकला.

"काका, आता इमारतीच्या दुसऱ्या बाजूलाही पाणी मारा," ती हसत म्हणाली. "नाहीतर माझी इमारत पडायची."