दोन उशा

म्हापशाच्या दुकानातून घेतलेली ट्रायथलॉनची सायकल गौरेशने गाडीच्या मागच्या सीटवर आडवी निजवली. फ्रेमला ओरखडा नको म्हणून बायकोने गाडीत ठेवलेल्या दोन्ही उशा सायकलीखाली सारल्या. पेडण्यापर्यंत प्रत्येक गतिरोधकावर तो गाडी जवळजवळ थांबवायचा आणि मान वळवून मागे बघायचा. आई पुढे पोटाला हात धरून बसली होती.

घरी पोचताच त्याने आधी मागचं दार उघडलं. आईला उतरवलं शेजारच्या मनीषाने.

"काकी, ऑपरेशनाचे टाके वाटेर दुखाक नाय मा?"

"ना गो! धक्को लागात म्हणान माझ्या झिलान सगळ्या वाटेर गाडी हळू चालवल्यान."

बायकोने आईसाठी दिलेल्या त्या उशा आईच्या नजरेस पडायच्या आत गौरेशने मागचं दार लावून घेतलं.